पाखरं राखायची तर आधी त्यांची जीभ ओळखा

सांगलीतल्या जतकडं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दुधात आला की चिमण्या, राघू तुटून पडतात, मग कोणतरी सांगतं मिरचीचं पाणी मारा, पण ते करू नका, पाखरांना तिखट लागतच नाही (राघू मिरच्या कसा खातो बघा की). त्यांना नकोसा वाटतो तुरटपणा, म्हणजे टॅनिन, ते लालसर-तपकिरी दाण्याच्या काही ज्वारीत जास्त असतं, पण भाकरीला आपल्याला पांढरी मालदांडीच लागते ना. आणि आजूबाजूला दुसरं खायला नसेल तर पाखरं तुरटही खातात. म्हणून शेजाऱ्यांच्या बरोबरच पेरा, एकट्याचं रान आधी पिकलं की सगळा थवा तिथंच. दाणा भरताना सकाळ-संध्याकाळ गोफण घेऊन रानातल्या माळ्यावर (मचाणावर) बसा, चमकी रिबन पीळ देऊन बांधा.