अनुपालन विभागातून महापालिकेकडे : नाशिकच्या बँककर्मी ताईंसाठी

अनुपालन विभागात, म्हणजे बँक नियम पाळते का हे बघणाऱ्या विभागात, बसायचं तर आधी रोकड वाचायला शिका. समजा, लासलगावचा एखादा कांदा व्यापारी एकाच महिन्यात चार-चार लाख तीनदा भरतो. एकेक भरणा लहान, पण एकमेकांशी जोडलेले भरणे मिळून १२ लाख होतात. मर्यादा १० लाखांची, म्हणून रोख व्यवहार अहवाल (मोठ्या रोकड व्यवहारांची सरकारला द्यायची माहिती) पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत गेलाच पाहिजे. चूक इथेच होते : शाखा प्रत्येक पावती सुटी बघते.

हीच नजर नगरसेविका म्हणून नाशिक महापालिकेत फार कामी येते. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. सरकारी बँकेत असाल तर निवडणूक लढवण्याआधी राजीनामा मंजूर करून घ्या. निवडणूक खर्चाचं खातं वेगळं ठेवा, मंडप-चहाची पावतीही त्याच दिवशी लावा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर अपात्रता ओढवू शकते.