घटस्फोटात सामायिक फ्लॅटची वाटणी: सही करण्याआधी

घटस्फोट झाला की मालमत्तेचे आपोआप दोन समान भाग होतात, असा समज फार पसरलेला आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात पतिपत्नींची मालमत्ता सामायिक धरली जाते. महाराष्ट्रात मात्र दस्त कोणाच्या नावावर आहे आणि पैसे कोणी भरले, हे आधी पाहिले जाते. म्हणून नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू), सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), कर्जमंजुरीचे पत्र आणि बँक खात्यांचे सुरुवातीपासूनचे उतारे आधीच हाताशी असू द्यावेत.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर हिस्से समान मानले जातात. घरखर्च पत्नीच्या पगारातून आणि हप्ते पतीच्या खात्यातून, ही अनेक घरांतली सोय वेगळे होताना पत्नीला फार महागात पडते; किराणा आणि शाळेच्या फीच्या पावत्याही तिने म्हणूनच जपाव्यात. स्त्रीधन, म्हणजे तिला लग्नात व नंतर मिळालेले दागिने आणि भेटी, या हिशेबात धरू नये, ते केवळ तिचेच असते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघे मिळून न्यायालयात देतात त्या संमतीच्या अटींत ‘फ्लॅट पत्नीला मिळेल’ एवढेच लिहून भागत नाही. उरलेले कर्ज कोण फेडणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तसे न झाल्यास काय, हे स्पष्ट लिहून घ्यावे. तुमच्या आपसातील अटींनी बँक बांधली जात नाही. ती लेखी मोकळीक देत नाही तोवर सहकर्जदार जबाबदारच राहतो.

हस्तांतरणासाठी राहत्या घराचे पतिपत्नींमधील बक्षीसपत्र महाराष्ट्रात २०० रुपयांच्या मुद्रांक शुल्कावर होते, इतर आकार वेगळे. ही सवलत पतिपत्नीच्या नात्याला आहे, त्यामुळे दस्त घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी (न्यायालयाच्या अंतिम आदेशाआधी) व्हावा लागतो. येथेच खरा धोका आहे: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खालील परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते, आणि नोंदलेले बक्षीसपत्र मात्र तेवढ्याने रद्द होत नाही. म्हणून बँकेची परवानगी आधी मिळवून, दस्ताची नोंदणी न्यायालयाच्या अंतिम तारखेच्या अगदी जवळ ठेवण्याविषयी वकिलाशी बोलावे.

नोंदणीनंतर दस्ताची प्रत सोसायटीला देऊन भागदाखल्यावरील नाव आणि नामनिर्देशन दोन्ही बदलून घ्यावे.