वस्तीवरच्या प्रार्थनासभेत कृपादानं वापरताना

कृपादानं म्हणजे पवित्र आत्म्यानं मंडळीत ज्याला-त्याला दिलेल्या देणग्या. ती वापरण्याआधी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे १२, १३ आणि १४ हे तीन अध्याय एका बैठकीत मोठ्यानं वाचा. प्रीतीचा १३ वा अध्याय लग्नात वाचून वाचून सुटा पडलाय. प्रेषित पौलानं तो इफिसातून लिहिला तो दानांवरून एकमेकांना खाली बघायला लावणाऱ्या मंडळीला. म्हणून प्रीती इथं सभा चालवायच्या रीतीत दिसली पाहिजे.

अन्य भाषेत, म्हणजे आत्म्यानं दिलेल्या, न शिकलेल्या भाषेत बोलणारे एका सभेत दोघे, फार तर तिघे, तेही एकेक करून. पुढाऱ्यानं सुरुवातीलाच विचारावं, "अर्थ सांगणारं कुणी हाय का?" नसेल तर त्या भावानं मनातल्या मनात देवाशी बोलावं. प्रीती नसेल तर अन्य भाषा म्हणजे नुसती झणझणणारी झांज, असं पौल १३:१ मध्ये म्हणतो ते उगाच नाही. ताल सोडून वाजणारी झांज काय करते हे आपल्याकडं भजन ऐकलेल्याला सांगावं लागत नाही.

देवाकडून आलेला संदेश देणारेही दोघे-तिघेच, बाकीच्यांनी पारख करायची. १४:३ ची चाळणी लावा: उन्नती, बोध, सांत्वन. यातलं एकही होत नसेल तर थांबवा. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथंच. "देवानं दाखवलं, हे स्थळ करू नका," असं चारचौघांत नाव घेऊन सांगितलं की पोरीचं नाव गावभर होतं. असलं काही आधी पाळकाला आणि दोन वडीलजनांना एकांतात सांगा.

आजाऱ्यावर हात ठेवण्याआधी त्याला विचारा. बाईसाठी बाईनंच प्रार्थना करावी. शुगर-बीपीच्या गोळ्या बंद करायला कुणीही सांगू नये. बरं वाटलं नाही तर "विश्वास कमी पडला" हे वाक्य तोंडातून काढू नका. पौलाचा सोबती तीमथ्य पोटाच्या दुखण्यानं वारंवार आजारी पडायचा, दुसरा सोबती त्रफिम, त्याला तर पौलानं मिलेत शहरात आजारीच सोडलं. त्यांच्या विश्वासाचं माप कुणी काढलं नाही.

१२:२८ मध्ये साहाय्य करणं आणि व्यवस्था पाहणं ही दानंही आहेत, पण माईक नसल्यानं ती मोजली जात नाहीत. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करा. एका माणसाकडं दोन घरं. पाणी, दळण, गोळ्या एवढं एक दिवसाआड बघायचं, आणि सभेला बसल्यावर साक्षीच्या, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगण्याच्या आधी ही यादी वाचायची.