कोरी फाइल उघडा, व्हिडिओ नंतर

वयाच्या ३८व्या वर्षी मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलं. त्याआधी १४ वर्षं हिशेबाचं काम केलं होतं. व्हेरिएबल, लूप, फंक्शन ही प्रोग्रामिंगची बाराखडी तुम्हाला माहीत असेलच, ते पुन्हा सांगत बसत नाही. माझे सात महिने कशात गेले, ते सांगते.

रोज पहाटे दीड तास व्हिडिओ लावायचे. शिकवणारा टाइप करेल ते मागोमाग टाइप करायचे. प्रोग्राम चालायचा, बरं वाटायचं, की पुढचा व्हिडिओ. असे तीन कोर्स पूर्ण केले. मग एका रविवारी ठरवलं, आपल्याच कामातलं काहीतरी करू: सीएसव्ही फाइलमधल्या (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या तक्त्यातल्या) खर्चाच्या नोंदी वाचून खातेवार बेरीज. कोरी फाइल उघडली आणि पहिली ओळच सुचेना. फाइल वाचायचा कोड तोवर निदान दहा वेळा टाइप केला होता. तरी वीस मिनिटं कर्सर लुकलुकत राहिला आणि मला रडू आलं.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण आत असताना तो दिसत नाही. दुसऱ्याचा कोड वाचून कळणं वेगळं आणि तो आपल्याला सुचणं वेगळं. व्हिडिओत प्रश्नाचे तुकडे पाडणं, आधी काय आणि नंतर काय हे ठरवणं, सगळं शिकवणाऱ्याने आधीच केलेलं असतं. चुकाही त्यानेच करून निस्तरलेल्या असतात. आपल्या वाट्याला उरतं टायपिंग. प्रोग्राम चालला म्हणून वाटतं, आलं. आलेलं नसतं. सात महिने मला हेच वाटत होतं, म्हणून इतकं घोळवून सांगतेय.

त्यानंतर नियम केला. व्हिडिओचा एक भाग बघायचा, बंद करायचा आणि तेच कोऱ्या फाइलमध्ये न बघता लिहायचं. अडलं तर दहा मिनिटं अडूनच राहायचं. ती दहा मिनिटं फार जड जातात. जाऊ द्या, शिकणं तिथेच होतं.

त्या बेरजेच्या प्रोग्रामने मला तिन्ही कोर्सपेक्षा जास्त शिकवलं. एका खात्यात १२० आणि ८० होते, बेरीज आली १२०८०. तासाभराने उमगलं की सीएसव्हीतून वाचलेली रक्कम आकडा नसते, स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर असते, आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिक चिन्ह टाकलं की त्या नुसत्या एकापुढे एक चिकटतात. मग त्यांचं फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, करून घेतलं, तर ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४! हिशेबाच्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. हे अपूर्णांक बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत, नेमके बसत नाहीत, म्हणून पैशांसाठी पायथनमधलं डेसिमल मॉड्यूल (दशांश हिशेब नेमका करणारा तयार कोड) वापरायचं, हे आता मी जन्मात विसरणार नाही. आणि एरर, म्हणजे चुकीचा संदेश, आली की घाबरू नका, पायथनची एरर खालून वर वाचा. काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत असतं.

एआयकडून कोड लिहून घेण्याबाबत माझं मत कडक आहे: पहिलं वर्षभर नको. एररचा अर्थ खुशाल विचारा, पण कोड तुमच्या हातचा असू द्या. मेंटॉरचं, म्हणजे हाताशी धरून शिकवणाऱ्याचंही तेच. जो कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतो तो कितीही हुशार असो, त्याच्याकडे शिकू नका. मला शिकवणारा मुलगा माझ्याहून १५ वर्षांनी लहान होता. तो उत्तर कधीच द्यायचा नाही. एवढंच विचारायचा, "ताई, या ओळीनंतर टोटलमध्ये काय असेल?" तेव्हा राग यायचा. आज तोच प्रश्न मी स्वतःला रोज विचारते.

तीन महिन्यांत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मला अडीच वर्षं लागली आणि तोवर हातची नोकरी सोडली नाही. घरी जबाबदाऱ्या असतील तर तुम्हीही सोडू नका.

वयाची धास्ती मात्र उगाच घेऊ नका. मला ती मुलाखतीच्या दारापर्यंत होती. तिथे बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी टीम होती. कोडचे प्रश्न अर्ध्या तासात संपले. उरलेला वेळ ते माझ्याकडून समजून घेत होते, की महिनाअखेरीला खात्यांचा ताळमेळ लागत नाही तेव्हा आम्ही चूक शोधायला सुरुवात कुठून करतो.