देवयानीतला सेफिड पकडताय? अमावस्येच्या भरवशावर राहू नका

देवयानी दीर्घिकेतला व्ही१ हा सेफिड (ठरावीक दिवसांनी उजळ-मंद होत राहणारा तारा) आपल्याच टेलिस्कोपने पकडायचा असं डोक्यात घेतलं असेल तर आधी आमचं काय काय चुकलं ते ऐका. तसं लाजायचं काही नाही, १९२३ च्या ऑक्टोबरमधे माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या प्लेटवर खुद्द खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनेच या ताऱ्याला आधी नोव्हा (अचानक उजळणारा तारा) समजून एन लिहिलं होतं, मग ते खोडून व्हीएआर, म्हणजे व्हेरिएबल, बदलता तारा, पुढे उद्गारचिन्ह!

आमची मोठी चूक टेलिस्कोपची नव्हतीच, कॅलेंडरची होती. चंद्राचा उजेड नको म्हणून आपण सगळे अमावस्येच्या आसपासच्या चार रात्री गाठतो ना, तिथेच फसतो. व्ही१ चा पिरियड (एका चक्राचा काळ) ३१.४ दिवस, अमावस्या ते अमावस्या २९.५ दिवस. म्हणजे दर महिन्याला तारा जवळपास त्याच अवस्थेत सापडतो, फक्त दोनेक दिवस अलीकडच्या. ऑक्टोबर ते जानेवारी चार अमावस्या केल्या तरी ३१ पैकी जेमतेम दहा दिवसांचा तुकडा हाती लागतो, आणि असंच करत अख्खं चक्र पुरं करायचं तर साधारण ५०० दिवस, त्यात मधे आपला पावसाळा. सेफिड झटकन उजळतो आणि सावकाश मंद होतो, पण आमच्या ग्राफमधे तो महिन्यागणिक हळूहळू उजळत चाललेला, कारण आम्ही पिक्चर उलटा बघत होतो! वर चारही रात्रींचे फोटो एकत्र स्टॅक केलेले, त्यामुळे त्या चार दिवसांत तो थोडा मंद होतोय हेही दिसलं नाही. स्टॅक करा, पण एका रात्रीचेच.

उपाय सोपा आहे, चांदण्या रात्रीही लाल फिल्टर लावून फोटो काढा, चंद्र अगदी शेजारी असेल तेवढं सोडा, आणि तीन-चार दिवसांपेक्षा मोठी गॅप पडू देऊ नका. एकट्याला जमत नाही हे खरंय. २०१० मधे अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेच्या हौशी निरीक्षकांनी मिळून व्ही१ ची २१४ निरीक्षणं केली तेव्हा कुठे चार चक्रं नीट मिळाली, आणि त्यावरून हबल स्पेस टेलिस्कोपने फोटो कधी घ्यायचे ते ठरलं.

वेळ यूटीमधेच (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) नोंदवा. ज्युलियन दिवस (खगोलशास्त्रातली सलग दिवसमोजणी) आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणजे अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते, पण लॅपटॉप भारतीय वेळेवर आणि सॉफ्टवेअर यूटी समजतंय असा घोळ झाला की साडेपाच तास गेलेच.

मग गर्दी. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे, तिथला एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे १२ प्रकाशवर्षं, आणि आपल्याकडचं सीइंग (हवेमुळे ताऱ्याचा ठिपका किती पसरतो ते) तीन आर्कसेकंदांच्या आसपास असेल तर तुमच्या एका ठिपक्यात किती तारे शिरले ते बघा. शेजाऱ्यांचा उजेड मिसळला की तारा उजळ वाटतो आणि चढउतार कमी दिसतो. त्यात एका बाजूला धुळीचा पट्टा असला तर बॅकग्राउंडचा आकडाही चुकतो. साध्या अपर्चर फोटोमेट्रीपेक्षा (ठिपक्याभोवती वर्तुळ आखून उजेड मोजण्यापेक्षा) एका फोटोतून दुसरा वजा करायची पद्धत इथे बरी. कम्पॅरिझन स्टार (तुलनेसाठीचे तारे) आपल्याच आकाशगंगेतले घ्या, देवयानीतले गोलाकार तारकागुच्छ ताऱ्यासारखेच दिसतात, ते चुकून घेतले तर सीइंग बदललं की त्यांचा आकडा हलतो.

सेफिडच्या पिरियडवरून त्याचं खरं तेज कळतं आणि त्यावरून अंतर, पण ते काढताना सेफिडचा प्रकार तपासा. हबलचं उत्तर ९ लाख प्रकाशवर्षं आलेलं, पुढे १९५२ मधे बाडे या खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं की सेफिड दोन जातीचे असतात आणि दुसऱ्या जातीचे साधारण दीड प्रतीने (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) मंद, झालं, देवयानी एकदम दुप्पट लांब गेली. धुळीचा हिशोब विसरलात तर तीही तारा उगाच लांब दाखवते, म्हणून किमान दोन फिल्टर.

आणि १८ ते २० प्रतीचा व्ही१ झेपतच नसेल तर त्याच दीर्घिकेतला एएफ अँड्रोमेडी हा तारा घ्या, बराच उजळ आहे, वर्षानुवर्षं अनियमित बदलत राहतो. त्याला ठरलेला पिरियडच नाही, तेव्हा अमावस्येला गेलात तरी चालतंय.