म्हातारा कुत्रा घरात असेल तर एवढं बघा

लॅब, जर्मन शेफर्ड असला मोठा कुत्रा 7-8 वर्षांचा झाला की म्हातारपण लागलं समजा. आधी फरशी बघा. हल्ली सगळीकडे गुळगुळीत टाईल्स, त्यावर उठताना मागचे पाय फाकतात आणि मग तो उठायलाच घाबरतो, म्हणून झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट नाहीतर जुनी सतरंजी टाका, नखं कापा, पंजातले वाढलेले केसपण.

नाशिकची थंडी सांध्यांना बाधते, डिसेंबर-जानेवारीत अंगाखाली जाड गोधडी हवीच आणि ऊन आल्यावरच फिरवा, थोडं थोडं.

लंगडतोय म्हणून आपली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, जीवावर बेतू शकतं. द्राक्षं, बेदाणे तर नकोच नको! आपल्याकडे सीझनला घरोघरी पेट्या येतात, कोणीतरी लाडाने दोन मणी टाकतंच, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, त्याने किडनी फेल होऊ शकते.

अचानक पाणी जास्त प्यायला लागला, घरात शू करतोय, तर ओरडू नका, व्हेटकडे नेऊन रक्त-लघवी तपासून घ्या. तसंही दर 6 महिन्यांनी चेकअप कराच, दातांसकट.