मोर्चा, कर्फ्यू आणि आपली फॉरेन ट्रिप: निघण्याआधीची तयारी

सप्टेंबर २०२५ मध्ये इकडे लक्ष्मी रोडवरचा विसर्जनाचा गुलाल अजून निघाला नव्हता आणि तिकडे काठमांडू पेटलं. ८ तारखेला आंदोलन करणारी पोरं मैतीघर चौकातून संसदेकडे निघाली काय, ९ ला त्रिभुवन विमानतळ बंद काय, हिल्टनसारखं हॉटेल जळालं आणि पशुपतिनाथाला गेलेली आपली माणसं रूमवर अडकून बसली. त्यामुळे आता कुठेही जायचं असलं, अगदी पॅरिस का असेना, बॅग भरण्याच्या यादीत ही तयारी मी धरतेच.

तिकीट काढायच्या आधी तारखा बघा. १ मे म्हणजे आपल्याला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, लाँग वीकेंड जुळतोय म्हणून आपण बुकिंग करतो आणि तिकडे नेमका तोच दिवस कामगारांच्या मोर्च्यांचा, इस्तंबूलमध्ये तर तक्सीमचा चौकच बंद करतात, मेट्रोसकट. अथेन्समध्ये १७ नोव्हेंबरला दरवर्षी मोठा मोर्चा असतो. निवडणुकीचा निकाल, मोठ्या कोर्ट केसचा निकाल हेही गुगल करून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. हॉटेल घेताना संसद, मुख्य चौक, युनिव्हर्सिटी यांच्या शेजारचं 'सेंट्रल लोकेशन' टाळा, थोडं लांब राहिलात तर फार तर मेट्रोचे दोन स्टॉप वाढतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद. हसू नका. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात इंटरनेटच बंद केलं होतं, मोबाइल नेट यायला दहाएक दिवस गेले, आणि आपलं सगळं म्हणजे तिकीट, व्हिसा, हॉटेलचा पत्ता, आईचा नंबरसुद्धा फोनमध्ये. तर अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात जाऊन पासपोर्ट, व्हिसा, रिटर्न तिकीट, इन्शुरन्स यांचे प्रिंट काढा, दोन सेट, एक अंगावरच्या पाउचमध्ये आणि एक बॅगेत. रिटर्न तिकिटाचा प्रिंट तर हवाच, कारण कर्फ्यूत एअरपोर्टला निघालात आणि नाक्यावर अडवलं तर तेच दाखवायचं असतं, श्रीलंकेत २०२२ च्या कर्फ्यूमध्ये विमानाचं तिकीट पाससारखं चालत होतं. शिवाय एक जाडसर कार्ड करा: एका बाजूला हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत (टॅक्सीवाल्याला इंग्रजी वाचता येईलच असं नाही), दुसऱ्या बाजूला आपल्या दूतावासाचा इमर्जन्सी नंबर, घरचा नंबर, ब्लड ग्रुप, चालू असलेल्या गोळ्या. पेन जेलचं नको, घामाने पसरतं. आणि पासपोर्ट खरंच हरवला तर घाबरायचं नाही, दूतावास परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण तेव्हा झेरॉक्स हाताशी असेल तर काम लवकर होतं.

फोनचं म्हणाल तर ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा आणि त्यावर हॉटेल, दूतावास, एक बरं हॉस्पिटल मार्क करा. दूतावासाचं सोशल मीडिया अकाउंट फॉलो करा, निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर (परदेशात अडचण आली तर तक्रार नोंदवायची सरकारी वेबसाइट) खातं उघडून ठेवा. नुसत्या व्हॉट्सअॅपच्या भरवशावर राहू नका, रोमिंगवर साधा कॉल आणि एसएमएस चालतोय ना ते चेक करा. कार्ड मशीन बंद पडतात, एटीएमसमोर रांगा लागतात, म्हणून तीन-चार दिवस भागेल एवढी तिथली कॅश आणि थोडे डॉलर वेगळे. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या जास्त, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. खायला लाडू, खाकरे, चिवडा आपण नेतोच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

इन्शुरन्स घेताना एजंट काय म्हणतो ते सोडा, दंगल, संप याबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते स्वतः वाचा. गडबड सुरू झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गडबडीला बहुतेक वेळा चालत नाही.

रस्त्यावर असताना गर्दी दिसली की काय चाललंय बघायला थांबायचं, ही आपली पुणेरी खोड इथेच ठेवून जा. सापडलातच तर मिरवणुकीतून बाहेर पडतो तसं करायचं, उलटं ढकलत यायचं नाही, गर्दीच्या चालीने तिरकं तिरकं कडेला सरकत पहिल्या बोळात शिरायचं. रील तर अजिबात नको, पोलिसांनाही कॅमेरा आवडत नाही आणि आंदोलकांनाही. काळे टी-शर्ट, मिलिटरी प्रिंट घरी ठेवा. अश्रुधुरासाठी एक पाण्याची बाटली नेहमी जवळ, लेन्स लावत असाल तर त्या दिवसांत चष्मा वापरा. धूर आलाच तर डोळे चोळू नका, वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि जरा उंच जागी जा, कारण तो खाली साचतो, मग भरपूर पाण्याने डोळे धुवा आणि रूमवर आल्यावर कपडे वेगळ्या पिशवीत टाका.

आणि कितीही पटलं तरी घोषणा द्यायला जाऊ नका. २०२४ मध्ये यूएईत ५७ बांगलादेशींनी स्वतःच्याच देशातल्या सरकारविरुद्ध मोर्चा काढला तर बहुतेकांना दहा-दहा वर्षं आणि तिघांना जन्मठेप झाली होती, पुढे माफी मिळाली ते नशीब.

कर्फ्यू लागला की रूमवरच थांबा, खिडकीपासून लांब. फ्लाइट आहे म्हणून एअरपोर्टला धावू नका, आधी एअरलाइनला विचारा, कारण कॅन्सल झाली असेल तर नुसतं गेटबाहेर बसावं लागतं, आणि एअरलाइनने स्वतः कॅन्सल करेपर्यंत आपण करू नका, रिफंडला अडतं. घरी एकाच माणसाकडे सगळ्या कॉपीज ठेवा, रोज अमुक वेळेला मेसेज असं ठरवा, आणि बाकी मावशी-काकांनी त्यालाच विचारायचं, तुम्हाला फोन करून बॅटरी संपवायची नाही, हे निघण्याआधीच फॅमिली ग्रुपवर सांगून टाका.